मुली ॲप करावयास शिकतात तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दिवाळीचे पदार्थ किंवा भोंडला असा विषय असता तर मी आनंदाने उभी राहिले असते. परंतु बाईंनी विषय नेमून दिला तो असा : मोबाईलवरची ॲप तयार करावयास ज्या मुली शिकू लागतात त्यांचे गाडे सुरुवातीलाच कोठे अडते, आणि ते हलवावे कसे. बाई म्हणाल्या, "वर्षभर तुमच्या बाहेरच्या खोलीत हेच चालले आहे, तेव्हा तुम्हीच सांगा." यावर मला उत्तर सुचले नाही.

झाले असे की, आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी डिप्लोमाला आहे. त्यांचे घर एका खोलीचे. वहिनी पहाटे चारपासून पोळीभाजी केंद्राच्या पोळ्या लाटतात, त्यामुळे पीठ आणि परात यांतून कॉम्प्युटरला जागा उरत नाही. आमच्याकडे एक टेबल रिकामे होते आणि ब्रॉडबँडही होते, म्हणून तिचे यंत्र आमच्याकडे येऊन राहिले. मी मेथी निवडीत शेजारी बसत असे. पुढे माझ्या नणंदेची मुलगी कल्याणहून शनिवार-रविवार येऊ लागली, आणि माझ्या भावाची मुलगी ठाण्याहून फोन करू लागली. एकीची काकू, दुसरीची मामी आणि तिसरीची आत्या, अशी मी तिघींच्या मधोमध सापडले.

ॲप म्हणजे काय हे आपल्यात आता कोणाला सांगावे लागत नाही. गाडी किती वाजता आहे हे पाहावयास एम-इंडिकेटर उघडीत नाही अशी डोंबिवलीची बाई मला तरी ठाऊक नाही. ते ॲप सचिन टेके यांनी केले, २०१०च्या सुमारास, जेव्हा आपल्यापैकी बहुतेकींच्या हातांत बटणांचे फोन होते. सांगण्याचा हेतू हा की, ॲप आभाळातून पडत नाही. कोणी तरी माणूस टेबलाशी बसतो, त्याचे यंत्र शंभर वेळा रुसते, आणि मग ते तयार होते.

हे काम ज्या सॉफ्टवेअरमध्ये करतात त्याचे नाव ॲन्ड्रॉइड स्टुडिओ. गुगलने ते २०१३ साली जाहीर केले आणि २०१४च्या डिसेंबरात त्याची पहिली पक्की आवृत्ती दिली. त्यापूर्वी लोक एक्लिप्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम करीत. स्टुडिओ विनामूल्य मिळतो, हे मी मुद्दाम सांगते, कारण एका दुकानदाराने तो नुसता "भरून देण्याचे" आठशे रुपये वहिनींकडे मागितले होते.

आता हा स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघराची खोली समजा. खोली मिळाली म्हणजे स्वयंपाक झाला असे होत नाही. भांडीकुंडी आणि मसाल्याचे डबे वेगळे आणावे लागतात, त्यांना एसडीके म्हणतात. ग्रेडल म्हणून एक आहे. ती यादी घेऊन बाजारात जाणारी, सामान आणणारी आणि सगळे एकत्र करून पदार्थ ताटात आणून ठेवणारी बाई. आणि एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारा खोटा फोन, पदार्थ चाखून पाहण्यासाठी. या चौघांचे एकमेकांशी पटले तरच कामाला सुरुवात होते. पहिल्या दिवशी त्यांचे पटत नाही. पहिल्या आठवड्यातही बहुधा नाही.

म्हणजे मुलगी बसते ॲप शिकावयास, पण आठ-पंधरा दिवस ती ॲप करीतच नसते. ती नुसती चूल पेटविण्याच्या खटपटीत असते. क्लासमधले सर पडद्यावर भराभर दाखवितात, कारण त्यांचे यंत्र आधीच नीट लावलेले असते. घरी येऊन ही बसते तो सगळीकडे लाल अक्षरे. मग तिला वाटते की हे आपल्या डोक्याचे काम नव्हे. माझा सगळा कटाक्ष याच ठिकाणी आहे. कुकरची शिटी झाली नाही तर आपण "मला स्वयंपाक येत नाही" असे म्हणतो काय? आधी रिंग पाहतो, मग शिटी धुतो, मग व्हॉल्व्हकडे पाहतो. मुलींना हे कोणी शिकविलेले नसते, आणि ते इंग्रजीत असल्यामुळे त्या घाबरतात.

आता शेजारच्या मुलीचे सविस्तर सांगते, कारण तिचे प्रकरण हातघाईवर आले होते.

तिच्या वडिलांनी भिशी उचलून जुना कॉम्प्युटर घेतला. गणपतीच्या आधी यंत्र आले, आणि दिवाळीपर्यंत काही दिसले नाही तर विकून टाकीन असे त्यांनी बजावले. ते वाईट गृहस्थ नव्हेत. तीन मुलांच्या फिया भरावयाच्या तर पडून राहिलेल्या यंत्रात पैसे अडकवून कसे चालेल? पण मला दुसरेही दिसत होते. त्या घरात एक धाकटी मुलगी आहे, आठवीत. मोठीचे यंत्र विकले गेले असते तर धाकटीला पुन्हा कोणी घेऊन दिले नसते.

प्रथम तिने आपल्या मोबाईलच्या नेटवर स्टुडिओ उतरवून घेण्याचा प्रयत्न केला होता. रोजचे दीड जीबी. आणि स्टुडिओच एक जीबीच्या वर, नंतरचे सामान आणि खोटा फोन धरला तर कितीतरी पट. मध्येच त्या दिवसाचा साठा संपे, फाईल अर्धवट राही, आणि ती उघडताना यंत्र काही तरी भलतेच बोले. यासाठी सोपी तपासणी आहे : जेथून फाईल घेतो तेथे तिचा आकार लिहिलेला असतो, तो आपल्याकडे उतरलेल्या फाईलच्या आकाराशी ताडून पाहावा. दळण आणल्यावर डबा वजनाला लावून पाहतो तसेच. पुढे आम्ही ब्रॉडबँडवर एकदा पुरी फाईल उतरविली आणि पेन ड्राइव्हवर घालून तिघींना दिली, त्यामुळे तेच ते तीनदा उतरविण्याचे वाचले.

स्टुडिओ तर बसला. पण एसडीकेचे सामान आणावयास निघाला की लाल ओळ. ब्राउझरमध्येही पान उघडताना ही जागा सुरक्षित नाही अशा अर्थाची पाटी येई. तिने वायफायवर खापर फोडले. मग स्टुडिओ काढून पुन्हा बसविला, एकदा नव्हे, चार वेळा. चौथ्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, "काकू, माझ्या नशिबातच नाही हे. बाबांना सांगते, टाका विकून."

मला रोज सकाळी कालनिर्णय पाहण्याची सवय. तिथी, वार, चतुर्थीचा चंद्रोदय. त्यामुळे तारीख दिसली की नजर तिकडे जाते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१०. मी म्हटले, "अगं, हे यंत्र कुठल्या सालात बसले आहे?"

तेच कारण निघाले. कॉम्प्युटर इंटरनेटवर ज्या दुसऱ्या यंत्राकडून सामान घेतो, त्याचे ओळखपत्र आधी तपासून पाहतो. त्या ओळखपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य असे असते, आपल्या लोकलच्या पासासारखे. आता तिकीट तपासनीसच जर २०१० सालात उभा असेल तर तो आपला या महिन्याचा पास पाहून म्हणणार, "बाई, याची मुदत अजून सुरूच झालेली नाही," आणि खाली उतरविणार. यंत्र नेमके तेच करीत होते. आणि २०१० कोठून आले? कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. जुन्या यंत्रात तो संपून जातो, आणि रात्री बटण बंद केले की सकाळी यंत्र पुन्हा आपल्या जन्मसालात जाऊन बसते. घड्याळजीकडे तो सेल मिळाला, थोडक्या पैशांत. तो घातला, तारीख दुरुस्त केली, आणि सामान उतरू लागले. ज्या स्टुडिओला चार वेळा काढले-घातले त्याचा यात काडीइतकाही दोष नव्हता.

त्या दिवशी मी वही घातली. साधी शंभर पानी. चार रकाने : तारीख, आपण काय करीत होतो, यंत्राने काय म्हटले, आपण काय बदलले.

"यंत्राने काय म्हटले" हा रकाना सर्वांत मोठा. मुलींची खोड अशी की, लाल रंग दिसला की खिडकी मिटून टाकावयाची, आणि विचारले तर सांगावयाचे, "एरर आला." काय आला? "एररच." डॉक्टरांकडे जाऊन नुसते "दुखते" म्हटल्यासारखे हे झाले. मला इंग्रजीचा अर्थ लागत नाही, पण पाचवी ते सातवी अक्षरे गिरविली आहेत, त्यामुळे समोरचे उतरवून घेता येते. अर्थ न कळणाऱ्या माणसाने उतरवून घेण्यात एक फायदा असतो : तो काही गाळीत नाही. मुली आपल्या मनाने गाळतात, आणि गाळलेल्यातच कारण असते. उतरविता उतरविता माझ्या ध्यानात आले की ग्रेडलच्या लांबलचक तक्रारीत "व्हॉट वेंट राँग" असे शब्द येतात, त्यांच्या खालच्या ओळी आधी वाचावयाच्या. आणि जेथे "कॉज्ड बाय" पुन्हा पुन्हा येते तेथे शेवटच्यापाशी बहुधा मूळ असते. वरच्या पन्नास ओळी म्हणजे भाऊबंदांनी एकमेकांकडे बोट दाखविणे.

दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चकली तेलात विरघळली तर आपण पुढच्या घाण्याला मोहन, पाणी आणि आच तिन्ही बदलीत नाही. बदलली तर जमले कशामुळे हे कळत नाही आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा तेच. आजकाल मुली हा संदेश एआयला विचारतात. उत्तर चांगले मिळते, मराठीतही मिळते, मी त्याला नावे ठेवीत नाही. मात्र ते एका दमात पाच उपाय सांगते आणि मुली पाचही करून बसतात. आमच्याकडे नियम आहे : एक उपाय, मग पुन्हा चालवून पाहणे, मग वहीत नोंद, मग दुसरा.

कल्याणच्या भाचीची गोष्ट निराळी. तिचा लॅपटॉप नवा कोरा, आठ जीबीचा. घेतला त्या दिवशी तिच्या वडिलांनी हौसेने विंडोजमध्ये तिचे नाव मराठीत घातले. विंडोज त्याच नावाने एक फोल्डर करते, आणि स्टुडिओ आपले बरेचसे सामान व प्रोजेक्ट त्या फोल्डरच्या पोटात ठेवतो. झाले! पहिल्याच प्रोजेक्टला सूचना आली की वाटेत नॉन-आस्की अक्षरे आहेत, विंडोजवर हे काम बहुधा फसेल. आस्की म्हणजे इंग्रजी अक्षरे, आकडे आणि काही खुणा यांची जुनी यादी. आपला 'अ' त्या यादीत नाही, आणि फोल्डरच्या वाटेत ती सोडून दुसरे अक्षर आले की आतली काही जुन्या वळणाची हत्यारे अडखळतात. इकडे मुलगी म्हणते, "मामी, मी तर अजून काही लिहिलेच नाही, मग चुकले काय?" तिचे खरेच काही चुकले नव्हते.

येथे एक धोक्याची सूचना. त्या फोल्डरचे नाव हाताने बदलू नये, त्याने दुसऱ्या दहा गोष्टी मोडतात. सी ड्राइव्हवर सरळ एक नवे फोल्डर करावे, नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि प्रोजेक्ट व एसडीके दोन्ही तेथे ठेवावीत. नाहीतर विंडोजमध्ये इंग्रजी नावाचे नवे खाते उघडावे. तिने पहिले केले आणि काम चालू झाले. आता आपल्यातील कोणी म्हणेल, मराठीने काय घोडे मारले होते? मलाही क्षणभर वाईट वाटले. पण ही अट घरामागच्या गल्लीपुरती आहे. दर्शनी दाराला नाही. ॲपचे नाव आणि आतली सगळी अक्षरे खुशाल मराठीत येतात. माझी नणंद ब्लाउज शिवते. तिच्या मुलीने गिऱ्हाइकांच्या मापांचे ॲप केले आहे, त्याच्या चित्राखाली फोनवर "मापवही" असे स्वच्छ मराठीत दिसते.

तिचाच आणखी एक प्रसंग लवकर सांगते. मैत्रिणीचे प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून आणले, ते चालेना. त्यात लोकल प्रॉपर्टीज नावाची एक लहानशी फाईल असते, तीत एसडीके कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता असतो. पत्ता मैत्रिणीच्या घरचा! आपल्या घरात तो कसा सापडणार? ती फाईल आणावयाचीच नसते. काढून टाकली की स्टुडिओ आपल्या पत्त्याची नवी लिहितो.

ठाण्याच्या भाचीचे अडले ते खोट्या फोनवर. तो उठेचना. संदेशात व्हर्च्युअलायझेशन असा शब्द होता, तो मी दोनदा खोडून लिहिला आहे. याचा अर्थ, एका यंत्राच्या पोटात दुसरे यंत्र चालविण्याची परवानगी. ती सोय प्रोसेसरमध्ये असते, पण पुष्कळ कॉम्प्युटरांत बंद करून ठेवलेली असते. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेले की ती चालू आहे की बंद हे लिहिलेले दिसते. चालू करावयाची ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याच्याही आधीच्या पडद्यावर. त्या पडद्याला ती घाबरली, आणि घाबरली तेच बरे. तेथे उगाच हात लावू नये. कॉलेजच्या प्रयोगशाळेतील साहाय्यकांनी तिच्यादेखत ते केले व तिने पायरी-पायरीने वहीसाठी सांगितले.

खोटा फोन उठला खरा, पण यंत्राला धाप लागली. गुगलचे सांगणे असे आहे की नुसत्या स्टुडिओला आठ जीबी मेमरी आणि एम्युलेटरसकट चालवावयाचे तर सोळा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत सोळावाले यंत्र क्वचित असते. म्हणून माझे मत विचाराल तर खोट्या फोनच्या नादी लागूच नये. घरात खरा फोन आहे, तो केबलने जोडावा, काम तेथे चालवून पाहावे.

पण खऱ्या फोनचीही खोड आहे. भाचीने फोन जोडला, चार्जिंग सुरू झाले, कॉम्प्युटरला मात्र फोन दिसेना. दोन दिवस ती स्टुडिओत शोधत होती. कारण केबलमध्ये होते. स्वस्त केबलींपैकी पुष्कळांत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फोनच्या डब्यातून आलेली केबल मिळाली तर ती वापरावी. आमच्याकडे आता चांगल्या केबलीला लाल लोकर बांधून ठेवली आहे, आणि ती कोणी चार्जिंगला नेली तर मी ओरडते.

त्यानंतर फोनला सांगावे लागते की तुझ्यावर काम करावयाचे आहे. सेटिंग्जमध्ये फोनची माहिती जेथे असते तेथे बिल्ड नंबर शोधावा आणि त्यावर सात वेळा बोट टेकवावे. सातच का, हे मला कोणी सांगितलेले नाही, पण आपल्याकडे सात पावलांना महत्त्व आहेच. सातव्या वेळी फोन स्वतःच म्हणतो की तुम्ही आता डेव्हलपर झालात. भाची फोनवर खो खो हसली : "आत्या, तीन महिन्यांत कोणी म्हटले नव्हते, या फोनने म्हटले!" मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी डीबगिंग चालू करावयाचे. केबल जोडताना फोनचा पडदा उघडा ठेवावा, कारण या कॉम्प्युटरला परवानगी द्यावयाची का, असा प्रश्न फोनवर येतो. पडदा बंद असला तर तो दिसत नाही, आणि इकडे मुली वाट पाहात बसतात. ही परवानगी फक्त आपल्या यंत्राला द्यावी, सायबर कॅफेत किंवा अनोळखी कॉम्प्युटरला नाही, आणि काम झाले की बंद करावी. काही बँकांची ॲप हे चालू असले की कुरकुरतात, हेही लक्षात असावे.

जावाबद्दल एकच सांगते. क्लासमध्ये आधी जावा बसवा म्हणतात, मुली दोन-तीन निरनिराळ्या जावा घालून ठेवतात, आणि ग्रेडलला कोणती घ्यावी ते कळत नाही. स्टुडिओ आपली जावा बरोबर घेऊनच येतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये ग्रेडलसाठी ती निवडली की आमच्याकडच्या दोन भांडणांपैकी दोन्ही मिटली.

आता आपल्याच एका भगिनीच्या मुलीविषयी. तिचे यंत्र चार जीबीचे, फार जुने. त्यावर स्टुडिओ बसविणे म्हणजे चिमणीच्या पाठीवर पाटा. तिला मी धारावीतील मुलींचे सांगितले. नवनीत रंजन यांनी २०१४च्या सुमारास धारावीतील मुलींना ॲप शिकविण्याचा उपक्रम सुरू केला, धारावी डायरी या नावाने. त्या मुलींनी वापरले ते ॲप इन्व्हेंटर. हे गुगलने २०१० साली लोकांसाठी खुले केले आणि पुढे ते अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेकडे गेले. हे ब्राउझरमध्येच चालते, बसवावे लागत नाही, आणि सूचना लिहिण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवावयाचे असतात. त्या मुलींच्या एका ॲपचे नाव "पानी". सार्वजनिक नळावर आपला नंबर आला की फोन कळवितो, म्हणजे रांगेत तास घालवावयास नको. "विमेन फाइट बॅक" हे दुसरे, संकटाच्या वेळी गजर करणारे आणि आपला ठावठिकाणा कळविणारे. ज्यांच्या घरी पाण्याची रांग आहे त्यांनाच असे ॲप सुचते, हे आपल्याला सांगावयास नको.

ॲप इन्व्हेंटरचेही एक अडते. फोनवर त्याचा सोबती म्हणून ॲप घ्यावे लागते, आणि पडद्यावरचे चौकोनी चित्र टिपून किंवा सहा अक्षरे घालून दोघांची गाठ घालावी लागते. गाठ पडली नाही तर प्रथम पाहावे की फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर आहेत का. त्या मुलीकडे रोज संध्याकाळी गाठ पडे आणि रोज तुटे. शेवटी वहीतल्या तारखा पाहिल्या तेव्हा कळले की वीज गेल्यावरच हे होते. वीज गेली की वायफाय बंद, फोन आपोआप मोबाईलच्या नेटवर जातो, आणि वीज आली तरी तिचा फोन तेथेच राही. मोबाईल डेटा बंद करून बसू लागली, तंटा मिटला.

शेजारच्या मुलीचे पुढे काय झाले असे आपण विचाराल. वसुबारसेच्या रात्री साडेदहा वाजता तिच्या वडिलांच्याच फोनवर पहिले ॲप उमटले. त्यात एक ओळ होती, आईचे नाव आणि नमस्कार. वडील म्हणाले, "दोन महिने लागले ते एवढ्यासाठी?" पण यंत्र विकण्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. आता ती पोळ्यांचा हिशेब करणारे ॲप करते आहे : कोणत्या केंद्राला किती पोळ्या, महिनाअखेर किती येणे. वहिनींना अजून ते पटलेले नाही, त्या भिंतीवर खडूनेच रेघा मारतात. धाकटी मात्र रोज तासभर टेबलाशी येऊन बसते.

ठाण्याच्या भाचीने हा विषय सोडला आणि अकाउंट्स घेतले. भावाला वाटले मी रागावेन. मी रागावले नाही. तिचे यंत्र चालू झाले होते, तिने दोन ॲप केली, आणि मग तिला ते आवडले नाही. चालू झाल्यावर सोडणे वेगळे आणि चालूच झाले नाही म्हणून सोडणे वेगळे. पहिलीला आपण काय नाकारले ते ठाऊक असते. दुसरी जन्मभर म्हणत राहते की मला ते जमले नाही, आणि खरे पाहता तिचा सेल संपलेला असतो, किंवा केबल वाईट असते.

आपल्या मंडळाकडे माझी एक विनंती आहे. शिवणाच्या वर्गाचे टेबल बुधवारी दुपारी रिकामे असते. तेथे एक चांगली केबल, एक मोठा पेन ड्राइव्ह आणि दोन सीआर २०३२ सेल ठेवावेत. खर्च फार नाही, खजिनदारबाईंनी मान हलविली आहे. पेन ड्राइव्ह पाहून घ्यावा. जुन्या पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर चार जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही, जागा भरपूर असली तरी. मी तीन ते पाच तेथे बसेन. मला सॉफ्टवेअर येत नाही, परंतु मी शेजारी बसून उतरवून घेईन.

वही वाचनालयाच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे, किल्ली चिटणीसबाईंकडे. आतापर्यंत चौसष्ट पाने भरली. शेवटच्या पानावर एक नोंद आहे : फोन जोडला की दर काही मिनिटांनी आपोआप सुटतो. केबल बदलली, कॉम्प्युटरचे दुसरे भोक पाहिले, फोन बंद करून चालू केला, तरी सुटतोच. तो चौथा रकाना अजून रिकामा आहे. कोणाच्या मुलीकडे हे झाले असेल आणि सुटले असेल तर तिने येऊन लिहून जावे. पेन वहीला दोऱ्याने बांधले आहे.